श्रावण तुमच्या घरचा : अनुभव धागा

आषाढी अवसेला घरातले सगळे दिवे घासूनपुसून पाटावर मांडायचे, त्यांची पूजा करायची, की दुसऱ्या दिवशी श्रावण लागला. सणांची यादी कॅलेंडरवर आयती मिळते. मला हवंय ते त्यात नसतं : तुमच्याकडे काय करतात, कोण करतं, ताटात काय असतं, कुठले शब्द म्हणतात. आमच्या पिढीपर्यंत हे बघून बघून आलं. आता घरं लांब लांब गेलीत, तेव्हा कुठेतरी लिहून ठेवायला हवंच. एकच ओळ लिहिलीत तरी चालेल.

सुरुवात मी करते. पुण्यात आमच्या देवघराशेजारी जिवतीचा कागद लावतात. वर नरसिंह, मग कालियामर्दन करणारा कृष्ण, त्याखाली पोरांना खेळवणाऱ्या जरा-जिवंतिका, आणि हत्ती-वाघावर बसलेले बुध-बृहस्पती. शुक्रवारी आघाडा-दूर्वांची माळ, कापसाचं वस्त्र, दूध-साखर आणि चणे-फुटाण्यांचा नैवेद्य. मग पुरणाच्या दिव्यांनी मुलांना ओवाळायचं. जे मूल परगावी असेल त्याच्यासाठी चारी दिशांना अक्षता टाकायच्या. माझा मुलगा सध्या जर्मनीत आहे. पश्चिमेला टाकताना मी मूठ जरा मोठी घेते.

इंदूरहून
आमच्याकडे श्रावण दोनदा लागतो. गुरुपौर्णिमा झाली की शेजारपाजारचा सावन सुरू, कारण इकडे महिना पौर्णिमेला संपतो. आपला अवसेला संपतो, म्हणून आम्ही पंधरा दिवस मागून. शेजारणीचे सोमवार सुरू झालेले असतात तेव्हा आमचा अजून आषाढच. गंमत पुढे आहे. राखीला त्यांचा सावन आटोपतो, पण उज्जैनला महाकालाची सवारी नंतरच्या सोमवारीही निघत राहते, थेट आपला श्रावण संपेपर्यंत. मराठी राज्यकर्त्यांच्या काळातल्या रिवाजाशी हे जोडतात. लहानपणापासून ती पालखी बघत आलोय, आणि त्या मागून येणाऱ्या सोमवारी 'हे आपले' असं वाटतंच. 2023 साली अधिक श्रावण आला तेव्हा इकडचा सावन 4 जुलैला लागला आणि आमचा निज (अधिकानंतरचा) श्रावण 15 सप्टेंबरला संपला. आजीला आधीचे अधिक श्रावण 1985 आणि 2004 असे तोंडपाठ होते. साधारण एकोणीस वर्षांनी येतो, असं ती बोटांवर मोजून सांगायची.

वसईच्या कोळीवाड्यातून
सरकारी मासेमारीबंदी 1 जून ते 31 जुलै. पण आमच्याकडे बरेच जण नारळी पुनवेला दर्याला नारळ दिल्याशिवाय होडी लोटत नाहीत. तारीख पुढे गेली की थांबणं अवघड होतं. 2023 ला पुनव 30 ऑगस्टला होती, म्हणजे बंदी उठून महिना झालेला. बर्फ, डिझेल, खलाशांचे पगार, सगळं डोक्यावर. त्या वर्षी काही होड्या आधी गेल्या आणि कुणी कुणाला बोल लावला नाही. नारळ मात्र सगळ्यांनी पुनवेलाच दिला. सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ वाजतगाजत बंदरावर नेतात, बायका एकसारखी लुगडी नेसतात, आणि घरी नारळीभात. आमच्या आईच्या भातात गूळच, साखर चालत नाही.

कुडाळहून
गोकुळाष्टमीला आम्ही पाटावर मातीचं गोकुळ करतो. देवकी, वसुदेव, बाळकृष्ण, गाई, गवळणी. उपास मध्यरात्री जन्म झाल्यावर सोडायचा आणि ताट ठरलेलं : आंबोळ्या, काळ्या वाटाण्याचं सांबारं, शेवग्याच्या पाल्याची भाजी. पाला संध्याकाळीच आणून काड्या निवडून ठेवतात. कांदा नाही; भिजवलेली डाळ, मिरची आणि शेवटी मूठभर ओलं खोबरं. जगात कुठेही असलो तरी त्या रात्री हीच भाजी हवी असते.

मडगावहून
पातोळ्यांचं कुणीच लिहिलं नाही! हळदीच्या पानावर तांदळाचं पीठ पसरून आत गूळ-खोबरं भरायचं, पान दुमडून वाफवायचं. नागपंचमीला आमच्याकडे होतात, आणि 15 ऑगस्टला सायबिणीच्या (मेरीमातेच्या) फेस्ताला शेजारच्या ख्रिस्ती घरातून आमच्याकडे येतात. पान तेच, वास तोच.

वर्ध्याहून
श्रावणाचा शेवट आमच्याकडे पोळ्यानं होतो आणि माझ्या मते महिन्यातला सगळ्यात मोठा दिवस तोच. आदल्या दिवशी खांदशेकणी. वर्षभर जू जिथं घासतं तो खांदा गरम पाण्यानं शेकायचा, तूप-हळद लावून चोळायचा. मग बैलाला सांगायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." पोळ्याला शिंगं रंगवून बेगड, कपाळावर बाशिंग, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरमाळ. त्या दिवशी त्याच्या खांद्यावर जू नाही म्हणजे नाही. गावच्या तोरणाखाली जोड्या उभ्या राहिल्या की झडत्या (तोरणाखाली म्हणायची गाणी) सुरू होतात, "एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव." झडतीत दुष्काळही येतो, कापसाचा भावही येतो. तोरण तुटलं की जोड्या घरोघरी. बाई पाय धुते, ओवाळते, पुरणपोळी भरवते. आमच्याकडे आता ट्रॅक्टर आहे, पण एक जोडी बाबांनी ठेवलीच आहे.
दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. पोरं लाकडी नंदी सजवून फिरवतात आणि नागपुरात काळी-पिवळी मारबत (मोठे पुतळे) निघते. पंचांगाप्रमाणे तोवर भाद्रपद लागलेला असतो, तरी आमच्या हिशेबात तो श्रावणातच.

कोल्हापूरहून
बैलांचा सण आमच्याकडे बेंदूर, तोही आषाढात. झडत्यांबद्दल पहिल्यांदाच वाचलं. पूर्ण झडती लिहा की!

न्यू जर्सीहून
मंगळागौर शनिवारीच, मंगळवारी रजा कुणाला? सोळा प्रकारची पत्री मिळत नाही, म्हणून ज्या अंगणात जे उगवलंय ते प्रत्येकीनं आणायचं. खेळांना मात्र काही कमी पडत नाही. लाट्या बाई लाट्या, आगोटा-पागोटा, नाच गं घुमा, सगळं होतं. सत्तरीच्या काकू फुगडीला उभ्या राहतात आणि इथं जन्मलेल्या मुलींना दमवतात.
पिठोरी अवसेचं एक राहिलं. आई डोक्यावर खीर-पुरीचं वाण घेऊन पाठमोरी बसते आणि विचारते, "अतीत (पाहुणा) कोण?" मागून मूल म्हणतं, "मी." माझी मुलगी मराठी फार बोलत नाही, पण या प्रश्नाचं उत्तर तिनं कधी इंग्रजीत दिलं नाही.

नाशिकहून
शिवामूठ (शंकराला वाहायची धान्याची मूठ) बऱ्याच जणांच्या घरी असेल : पहिल्या सोमवारी तांदूळ, मग तीळ, मूग, जव, पाचवा आलाच तर सातू. आमच्याकडे त्यासोबत खुलभर दुधाची कहाणी वाचतात. राजाच्या हुकमानं गावातलं सगळं दूध ओतूनही गाभारा भरत नाही. पोरांना, वासरांना पाजून उरलेलं खुलभर दूध म्हातारी आणते आणि तो भरतो. वडिलांनी ही कहाणी इतकी मनावर घेतली की दर सोमवारी पिशवीभर दूध शेजारच्या बांधकामावरच्या मुलांना जातं.
तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीची फेरी. कुशावर्त कुंडावर स्नान करून रविवारी रात्रीच लोक निघतात. अंधार, चिखल, पाऊस, आणि वाटेत गावकऱ्यांनी मांडलेला चहा-केळी. कुणी पहिल्यांदा येणार असेल तर रेनकोट आणा, छत्री वाऱ्यात टिकत नाही. नवीन बूट नकोत. बॅटरी हवीच.