मेळघाट: बाळंतपणाच्या खोलीत दाई जाणार की मी? मदत हवी आहे

नमस्कार, मी अचलपूरची. मागच्या वर्षी डुलाचं ट्रेनिंग केलं, म्हणजे बाळंतपणात बाईजवळ थांबायचं, धीर द्यायचा, कंबर चोळायची, तपासणी-औषध आपलं काम नाही. सध्या धारणी तालुक्यातल्या एका गावात येऊन-जाऊन असते. तिथली एक कोरकू मुलगी आहे, दुसरी खेप, नववा लागलाय. पहिलं बाळंतपण घरीच झालं, उकिडवं बसून, दाईने मागून धरलेलं. यावेळी हिमोग्लोबिन ८ आहे म्हणून घरच्यांनी दवाखान्याचं ठरवलं, सासूसुद्धा तयार झाली. पुढच्या आठवड्यात माहेरघरात, म्हणजे बाळंतपणाआधी दवाखान्यापाशी राहायची सोय असते तिथे, राहायला येणार, म्हणजे रात्री नाल्याला पूर असताना गाडीची वाट बघत बसायला नको.

आता आत एकच बाई सोबत चालेल म्हणतात, आणि सासू म्हणते दाईच पाहिजे. मलाही मनातून तेच वाटतं. मुलगी माझ्याशी हिंदीत बोलते पण कळा सुरू झाल्या की कोरकूतच बोलणार ना, मला तर दहा-पंधरा शब्द येतात. शिवाय केंद्राच्या २०१६ च्या सूचनेत सोबतीण स्वतः बाळंतपणातून गेलेली असावी असं आहे, माझं अजून लग्नही नाही.

पण भीती वाटते ती पुढची. दाई चीक पिळून टाकायला लावते आणि बाळाला आधी गुळाचं पाणी देते. त्या वस्तीत पोट फुगलं की तापलेल्या विळ्याने चटके देतात, डंबा म्हणतात त्याला, पहिल्या बाळाच्या पोटावर ते डाग मी पाहिलेत आणि त्या रात्री मला झोप नाही आली. दाईला तोंडावर कसं बोलू? अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलंय, आणि एका दवाखान्यात तिला सगळ्यांसमोर अडाणी म्हटलं तेव्हापासून ती तिकडे फिरकत नाही.

कोणी दाईंसोबत काम केलंय का? आणि टेबलावर उताणं न झोपवता बसून किंवा कुशीवर होऊ द्या हे सिस्टरना आधीच कसं विचारू? बाईला हवी ती स्थिती घेऊ द्यावी असं डब्ल्यूएचओच्या २०१८ च्या सूचनांत आहे, पण कागद दाखवला तर त्या चिडतील असं वाटतं.

उत्तर:
पोरी, मी चिखलदऱ्याकडे बरीच वर्षं आशा होती. दाईलेच आत जाऊ दे, तू दाराशी थांब. पण त्याच्या आधी एक दिवस तिले सोबत घेऊन दवाखान्यात जा, सिस्टरले म्हण की ह्या बाईनं हिचं पहिलं बाळंतपण केलं, बसाले खुर्ची द्या. बसून होऊ देता का हे तिच्यासमोरच इचार, कागद काढू नको. चिकाचं लेक्चर नको देऊ. गाईचा चीक वासराले काहून पाजता एवढं इचार अन् तिले बोलू दे. डंब्याचं मात्र आजच सासूशी बोल, बाळ यायची वाट पाहू नको, पोट फुगलं तर रात्री कोणाले फोन करायचा तो नंबर तिच्या घरी भिंतीवर लिहून ये.