एका सेमिस्टरसाठी जर्मनीला: पहिल्या महिन्यात काय आधी, काय नंतर

मुंबईच्या कॉलेजांतून सहा महिन्यांच्या एक्सचेंजवर जर्मनीला जाणाऱ्या पोरांसाठी हा धागा. तिथलं हिवाळी सेमिस्टर १ ऑक्टोबरला सुरू होतं, म्हणजे बॅगा भरायची वेळ आलीच. राहून आलेल्यांनी आणि सध्या तिथे असलेल्यांनी नेमकं लिहा. 'फार छान देश आहे' हे सगळ्यांना माहीत आहे.

दादर – ड्रेस्डेन

सगळं एका नोंदीवर अडतं. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत गावच्या नागरी कार्यालयात पत्ता नोंदवायचा, याला आनमेल्डुंग म्हणतात. पासपोर्ट, भरलेला फॉर्म आणि घरमालकाच्या सहीचं 'हा माणूस अमुक तारखेपासून इथे राहतो' असं पत्र न्यायचं. पत्राचं नाव वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. उच्चार जमला नाही तरी चालेल, किल्ली घेतानाच मागून घ्या. नुसता भाडेकरार दाखवून भागत नाही, आणि चार दिवसांच्या हॉटेलवाला असलं पत्र सहसा देत नाही. मोठ्या शहरांत अपॉइंटमेंट लवकर मिळत नाही, म्हणून पत्ता पक्का झाला की घरूनच ऑनलाइन तारीख शोधायला लागा.

बोरिवली – आखन

वरच्यात एक भर. किल्ली हातात आली की पहिलं काम: पोस्टपेटीवर आणि बेलवर आपलं आडनाव, पासपोर्टवर आहे त्याच स्पेलिंगने. कागदाची पट्टी आणि सेलोटेप पुरे. आपल्याकडे पोस्टमन वॉचमनला विचारतो, नाहीतर पहिल्या मजल्यावरच्या काकूंकडे ठेवून जातो. तिथे पेटीवर नाव नसलं की पत्र परत. आणि तिथे सगळंच पत्राने येतं: टॅक्स नंबर, विम्याचं कार्ड, बँकेचं कार्ड, त्याचा पिन वेगळ्या पाकिटात वेगळ्या दिवशी. एक पाकीट परत गेलं की दोन-तीन आठवडे गेलेच.

याच पेटीत रुंडफुंकबायट्रागचंही, म्हणजे सरकारी टीव्ही-रेडिओच्या वर्गणीचंही पत्र येईल, महिन्याला १८.३६ युरो. टीव्ही नाही, रेडिओ नाही म्हणून फसवणूक समजून फेकू नका, मागची थकबाकी लागते. हा आकार माणशी नसून घरटी आहे. फ्लॅटमधला कुणी आधीच भरत असेल तर त्याचा वर्गणीचा खाते-नंबर घेऊन उत्तर पाठवा, तुमचं माफ. मात्र हॉस्टेलच्या खोलीचं दार सगळ्यांच्या पॅसेजमध्ये उघडत असेल तर ती एक खोलीच स्वतंत्र घर धरली जाते.

पार्ले – म्युनिक

पैशांचं. शिष्यवृत्ती नसेल तर व्हिसासाठी बहुधा श्पेरकोंटो, म्हणजे पैसे अडकवून ठेवायचं खातं, उघडावं लागतं, महिन्याला ९९२ युरोंप्रमाणे, सहा महिन्यांचे ५,९५२. पैसे तुमचेच, पण तिथलं खातं जोडल्याशिवाय सुटत नाहीत, आणि सुटतात तेही महिन्याच्या हप्त्याने. म्हणजे पहिला महिना कोरडा. त्यात डिपॉझिट. कायद्याने ते जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या 'काल्ट' भाड्याइतकं घेता येतं, म्हणजे हीटिंग-पाणी सोडून उरणारं भाडं. जाहिरातीतला आकडा 'काल्ट' आहे की 'वार्म' (हीटिंग-पाणी धरून) ते आधी बघा. फॉरेक्स कार्डावर दोन महिन्यांचं भाडं, डिपॉझिट आणि वर तीनेकशे युरो ठेवून निघा.

मालक 'मी परदेशात आहे, पैसे पाठवा, किल्ली कुरियरने येईल' म्हणाला की संभाषण तिथेच संपवायचं. खोली कितीही सुंदर असो.

आणि भारतातलं सिम बंद पडू देऊ नका. बँकेचा ओटीपी त्यावरच येतो. रोमिंग निघण्याआधी इथूनच चालू करा, तिथे पोचल्यावर चालू करायलाही ओटीपीच मागतात.

गिरगाव – लाइपझिग

स्वयंपाक. कुकर न्यायचाच तर तीन लिटरचा, सपाट बुडाचा. काचेच्या शेगड्या दोन प्रकारच्या असतात. साध्या तापणाऱ्या शेगडीवर अ‍ॅल्युमिनियम चालतं, इंडक्शनवर नाही. घरीच फ्रिजवरचं चुंबक कुकरच्या बुडाला लावून बघा, चिकटलं तर दोन्हीकडे चालेल. मिक्सर चालतो, वीज तिथेही २३० व्होल्ट, फक्त आपली तीन पिनांची प्लग बसत नाही. अ‍ॅडॉप्टर इथूनच घ्या, लॅमिंग्टन रोडला स्वस्त मिळतात.

तूप, पेढे, खवा नेऊ नका. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानात आणायला बंदी आहे, सापडले की कचऱ्यात. मासळीला मात्र माणशी वीस किलोपर्यंत मुभा आहे, म्हणजे सुकट-बोंबील कायद्यात बसतात. रूममेटच्या कायद्यात बसतील का ते तुम्ही बघा. सुक्या खोबऱ्याच्या वाट्याही बॅगेत नकोत, विमानाच्या नियमांत सुकं खोबरं पेट घेणाऱ्या मालात मोडतं. गोडा मसाला तयार करूनच न्या.

स्वयंपाकघर खोलीतच असेल तर धुराचा अलार्म डोक्यावरच असतो. खिडकी आधी सताड उघडा, मग तेल मध्यम आचेवर तापवा, मोहरी तडतडली की झाकण आणि भांडं लगेच खाली. मिरच्या तेलात जाळल्या की अलार्म वाजतोच, आणि काही हॉस्टेलांत तो थेट अग्निशमन दलाला जोडलेला असतो.

ठाणे – ड्रेस्डेन

खिडकी थंडीतही उघडायची, दिवसातून दोन-तीनदा, पूर्ण, पाच-दहा मिनिटं. दिवसभर वरून तिरकी उघडी ठेवली तर हवा बदलत नाही, भिंत तेवढी गार पडते आणि कोपऱ्यात बुरशी धरते. खोलीत कपडे वाळवणाऱ्यांना हे दुप्पट लागू. बुरशीचा खर्च डिपॉझिटमधून कापतात. हीटरच्या नॉबवर ३ म्हणजे साधारण वीस अंश. ५ वर ठेवल्याने खोली लवकर तापत नाही.

डोंबिवली – कोलोन

प्रवास: सेमिस्टर फीमध्ये तिकीट आहे का ते आधी विद्यापीठाला विचारा. नसेल तर डॉइचलांड-तिकीट, म्हणजे देशभरच्या लोकल गाड्या, ट्रॅम, बसचा पास, २०२६ पासून महिन्याला ६३ युरो. आयसीईसारख्या वेगवान गाड्यांत चालत नाही. ते आपोआप पुढच्या महिन्याला चालू राहतं, महिनाअखेर थांबवायचं तर त्याच चालू महिन्याच्या १० तारखेच्या आत. विनातिकीट सापडलात तर ६० युरो, विनवण्या चालत नाहीत. रविवारी दुकानं बंद, मोठ्या स्टेशनांवरची सोडून.

दादर – ड्रेस्डेन

परतीचं राहिलं. निघण्याच्या आठवडाभर आधीपासून त्याच कार्यालयात नाव काढता येतं, आबमेल्डुंग. त्याचा कागद जपा, रुंडफुंक आणि विमा बंद करायला तोच लागतो. खोली सोडताना मालकासोबत फिरून भिंती, नळ, शेगडी यांची यादी लिहून दोघांनी सह्या करायच्या, फोटो काढायचे. डिपॉझिट यायला काही महिने लागतात. तोवर तिथलं खातं बंद करू नका.