मदत हवी आहे: शाळांबद्दल आमदारांची खरी भूमिका शोधायची कशी? (नागपूर, हिवाळी अधिवेशन)

वाठोड्याची_आई

नमस्कार मंडळी,

हिवाळी अधिवेशनाला सगळे मंत्री-आमदार नागपुरात येतात. वाठोडा, मानेवाडा, बेसा या भागातल्या आम्ही काही आया मिळून या वेळी सिव्हिल लाईन्सच्या आमदार निवासात जाणार आहोत. निवेदनं सगळेच देतात, घेणाराही हात जोडून घेतो आणि स्वीय सहायकाकडे देऊन टाकतो. आम्हाला त्यांच्याकडून लेखी उत्तर हवं आहे: सरकारी शाळा टिकवणार का, आणि शिक्षण हक्क कायद्याने गरिबाच्या पोराला खासगी शाळेत २५ टक्क्यांतून मिळणारी जागा टिकवणार का? दोन्ही एकाच वेळी विचारायचं आहे.

त्यासाठी कोण आधी काय बोललं आणि सत्तेत असताना काय केलं, याचा एक कागद तयार करून राहिलो आहोत. तिथेच अडलो. बातम्या वाचल्या की विरोधी बाकावरचा प्रत्येक जण सरकारी शाळेचा कैवारी दिसतो. तोच माणूस मंत्री झाला की "गुणवत्ता" आणि "पटसंख्या" बोलायला लागतो. खाली लिहिते ते आम्हाला आतापर्यंत सापडलेलं आहे. चुकलं असेल तर सांगा, राहिलं असेल तर भर घाला.

पहिली गोष्ट ९ फेब्रुवारी २०२४ ची अधिसूचना. तेव्हा शिंदे सरकार होतं आणि शालेय शिक्षण खातं दीपक केसरकरांकडे होतं. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर तिथल्या खासगी विनाअनुदानित शाळेला २५ टक्के जागा द्यायची गरज नाही, असा नियम आला. नागपूरसारख्या शहरात असा कोणता मोहल्ला आहे जिथे एक किलोमीटरमध्ये मनपाची नाही तर अनुदानित शाळा नाही? त्या वर्षी ऑनलाइन अर्ज भरताना पर्यायांत मुख्यतः सरकारी आणि अनुदानित शाळाच दिसत होत्या, अर्जही फार कमी आले. मे २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने स्थगिती दिली, १९ जुलैला ती दुरुस्ती रद्दच केली आणि ९ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला.

सरकारची बाजूही आम्ही प्रामाणिकपणे लिहून ठेवली आहे. शेजारी आपलीच शाळा रिकामी पडत असताना खासगी शाळेला पैसे का मोजायचे, हा त्यांचा मुद्दा. मला तो मुद्दा फालतू वाटत नाही. पण तो मांडणाऱ्या सरकारनेच २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारायचं ठरवलं, नंदुरबारच्या तोरणमाळचं आणि पुण्याच्या पानशेतचं उदाहरण देऊन. म्हणजे शहरात म्हणायचं की शेजारची सरकारी शाळा आहे ना, तिथे जा. आणि कुही-भिवापूरकडच्या खेड्यात म्हणायचं की शेजारची शाळा लहान आहे, गाडीत बसून लांबच्या शाळेत जा. माझं माहेर कुही तालुक्यात आहे. तिथल्या बाया मला विचारतात की पावसाळ्यात नाल्याला पूर आल्यावर ती गाडी येईल का. याचं उत्तर मला एकाही भाषणात सापडलं नाही.

दुसरी बाजू. विरोधकांनी फेब्रुवारी २०२४ च्या नियमावर कडाडून टीका केली. आता असाच नियम २०१८-१९ मध्ये कर्नाटकात आला होता, तेव्हा तिथे कुमारस्वामींचं जेडीएस-काँग्रेस सरकार होतं. हे वाचलं तेव्हा मी कागदावरचे पक्षांचे रकाने खोडले आणि "सत्तेत असताना" व "विरोधात असताना" असे दोन रकाने केले.

हिंदीचा वादही तसाच. १६ एप्रिल २०२५ ला पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी, १७ जूनला सुधारित निर्णय, २९ जूनला दोन्ही मागे, ५ जुलैला वरळीत ठाकरे बंधूंचा मेळावा. फडणवीस म्हणाले की राष्ट्रीय शैक्षणिक धोरणावरच्या माशेलकर समितीचा अहवाल उद्धव ठाकरेंच्याच मंत्रिमंडळाने स्वीकारला होता, ठाकरेंनी ते नाकारलं. यावर भरपूर लिहून झालंय, आमच्या कागदात ते दोन ओळींत ठेवणार आहोत. वर्गात शिक्षकच नसेल तर तिसरी भाषा शिकवणार कोण?

तर मदत ही हवी आहे. एक, आमदार सभागृहात खरंच काय बोलला ते कुठे वाचायला मिळतं? दोन, असे कोणते प्रश्न विचारावे की "बघतो, करतो" म्हणून सुटता येणार नाही? तीन, नागपूरचे कोणते आमदार या विषयावर ऐकून घेतील?

कोणत्याही पक्षाचा प्रचार इथे करू नका ही विनंती. आमच्यात सगळ्या पक्षांच्या मतदार आहेत आणि सगळ्यांची पोरं शाळेत जातात.

---

रामटेकचे_गुरुजी

ताई, जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी करून निवृत्त झालो, म्हणून तुमचा दुसरा प्रश्न आधी घेतो.

"शाळा बंद करणार का?" असं विचारू नका. कोणताही मंत्री म्हणेल, एकही शाळा बंद होणार नाही. "समायोजन" होतं, "समूह" होतो. विनोद तावडे मंत्री असताना २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळांचा विषय आला तेव्हाही शब्द "स्थलांतर" असाच होता. तुम्ही शिक्षकांबद्दल विचारा. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात स्पष्ट आहे: पहिली ते पाचवीला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. पट बारा असो की पंचावन्न, दोन. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवायच्या, शासन निर्णयावर शिक्षक संघटना रस्त्यावर आल्या त्या याच कारणाने, कमी पटाच्या शाळांतली पदं त्याने घटतात. शाळा कागदावर चालू राहते, शिक्षक एकच राहतो, तोही निवडणुकीच्या यादीत आणि पोषण आहाराच्या हिशेबात अडकतो. मग पालक स्वतःहून पोरं काढतात आणि मग पट कमी म्हणून शाळा जाते. पारशिवनी-देवलापार भागात हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

म्हणून प्रश्न असा ठेवा: "वीसपेक्षा कमी पटाच्या प्रत्येक शाळेत दोन नियमित शिक्षक राहतील, याला तुमचा पाठिंबा आहे का? हो किंवा नाही." यात सुटायला जागा नाही.

आणि शाळा व्यवस्थापन समितीत तुमच्यापैकी कोणी असेल तर त्यांना पुढे करा. कायद्याने त्या समितीत पंचाहत्तर टक्के पालक आणि निम्म्या महिला असतात. समितीचा ठराव घेऊन गेलात तर तो साध्या निवेदनापेक्षा जड पडतो.

---

सदरचा_वकील

सभागृहातल्या कामकाजासाठी महाराष्ट्र विधानमंडळाचं संकेतस्थळ बघा. तारांकित प्रश्न, लक्षवेधी, चर्चेचा वृत्तांत तिथे असतो. शोधायला वेळ लागतो, पण वर्तमानपत्रातल्या एका वाक्यापेक्षा तो वृत्तांत भरवशाचा. शासन निर्णय राज्य सरकारच्या शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर "शालेय शिक्षण व क्रीडा विभाग" निवडून तारखेने काढा. तुमच्या भागातल्या शाळेचा पट आणि शिक्षकसंख्या यू-डायसवर, म्हणजे शाळांच्या माहितीच्या सरकारी नोंदीत, मिळते. जे मिळणार नाही त्यासाठी माहिती अधिकारात दहा रुपयांचं शुल्क भरून अर्ज टाका, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. म्हणजे अधिवेशनाच्या तोंडावर नको, आत्ताच टाका.

कायद्याचा एक मुद्दा तुमच्या कागदात असायला हवा. कलम ६ आणि ९ प्रमाणे शेजारी शाळा देणं ही सरकारची आणि स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे. कलम १२ प्रमाणे खासगी शाळेने २५ टक्के जागा देणं ही तिची जबाबदारी आहे. दोन्ही स्वतंत्र आहेत, एक पाळली म्हणून दुसरी माफ होत नाही. उच्च न्यायालयाने नेमकं हेच धरलं की मूळ कायद्यात नसलेली सूट नियमातून आणता येत नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाने मात्र २०१९ मध्ये तिथला नियम वैध ठरवला होता, त्यामुळे एखादा आमदार कर्नाटकाचं उदाहरण देईल. तयारीत राहा. त्याला विचारा, महाराष्ट्रात पुन्हा अशी सूट आणायचा प्रस्ताव आला तर तुम्ही मत कुठे देणार?

---

कामठीची_छोटी_शाळा

मी इंग्रजी माध्यमाची लहान शाळा चालवतो. वस्तीतली शाळा, फी कमी, इमारत भाड्याची. आमची बाजूही त्या कागदात असावी म्हणून लिहितो आहे.

२५ टक्क्यांतल्या मुलामागे सरकार वर्षाला जास्तीत जास्त १७,६७० रुपये देतं. हा दर वर्षानुवर्षं तोच आहे. कोविडच्या काळात तो ८,००० वर आणला, तेव्हा सरकार महाविकास आघाडीचं होतं. आणि तेही वेळेवर येत नाहीत, थकबाकी प्रत्येक सरकारने पुढच्या सरकारवर ढकलली. मोठ्या शाळेला काही फरक पडत नाही, ती बाकीच्यांची फी वाढवते. आम्ही शिक्षिकांचे पगार थकवतो, खरं ते सांगतो. मला ती पोरं नको आहेत असं नाही. माझ्या शाळेत पहिल्या येणाऱ्यांत ती असतात. पण निवडीचा अधिकार द्यायचा आणि त्याचे पैसे द्यायचे नाहीत, असं किती दिवस चालणार?

ताई, प्रतिपूर्तीची, म्हणजे सरकारकडून हे पैसे मिळण्याची, तारीख विचारा. "देऊ" हे उत्तर घेऊ नका, कोणत्या अधिवेशनात किती तरतूद मागणार ते विचारा.

---

नंदनवन_मायलेक

माझी मुलगी २५ टक्क्यांतून लागली. सोडतीत नाव आलं तेव्हा मोहल्ल्यात पेढे वाटले. उत्पन्नाचा दाखला, भाडेकरार, नकाशावर घराचं ठिकाण टाकायची धडपड, पडताळणी समितीपुढे उभं राहणं, सगळं केलं. आता ती सातवीत आहे आणि माझी झोप उडाली आहे. कारण ही सवलत आठवीपर्यंतच आहे. नववीत पूर्ण फी. आम्ही ती भरू शकत नाही. म्हणजे इतकी वर्षं ज्या मैत्रिणींसोबत शिकली त्या तिथेच राहणार आणि ही बाहेर पडणार, दहावीच्या उंबरठ्यावर.

यावर एकही पक्ष बोलत नाही हो. सगळे पहिलीच्या प्रवेशावर भांडतात. प्लीज हा प्रश्न टाका. नववी-दहावीचं काय?

---

वाठोड्याची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. नंदनवनच्या ताईचं वाचून आमच्या गटातल्या दोघी-तिघी रडल्या, कारण त्यांचीही लेकरं त्याच वाटेवर आहेत. तो प्रश्न आता कागदावर पहिला असेल.

कामठीच्या दादांनाही सांगते, तुमचा प्रश्न तुमच्याच शब्दांत घेतला आहे. आम्ही कोणाच्या शाळेविरुद्ध नाही.

वकील साहेब, माहितीचा अर्ज या सोमवारी टाकतो. अजून एक विचारायचं होतं. आपल्याकडे कितीतरी नेत्यांच्या स्वतःच्या शिक्षणसंस्था आहेत. पतंगराव कदमांची भारती विद्यापीठ, आपल्या भागात दत्ता मेघेंनी उभ्या केलेल्या संस्था, ही तर सगळ्यांना माहीत असलेली नावं. त्यात गैर काही नाही, हजारो मुलं शिकली. पण जो खासगी शाळांच्या नियमांवर मत देणार त्याची स्वतःची शाळा आहे का, हे आम्हाला विचारता येईल का? विचारलं तर अपमान समजतील का?

---

सदरचा_वकील

खुशाल विचारा. मतदार म्हणून तुमचा हक्क आहे आणि न्यासांच्या विश्वस्तांची नोंद धर्मादाय आयुक्तांकडे असतेच. फक्त सगळ्यांना सारखंच विचारा, एकाला विचारून दुसऱ्याला सोडू नका.

---

रामटेकचे_गुरुजी

तिसऱ्या प्रश्नाचं राहिलं होतं. नागपूर विभागाचे शिक्षक आमदार सुधाकर अडबाले आहेत, २०२३ मध्ये नागो गाणारांना हरवून आले. शिक्षकांचा प्रश्न त्यांच्या रोजच्या कामाचा आहे, त्यामुळे संचमान्यतेचं त्यांना सांगत बसावं लागणार नाही. पण त्यांचे मतदार शिक्षक आहेत, पालक नाहीत, हे ध्यानात ठेवून २५ टक्के आणि नववीचा प्रश्न त्यांना मुद्दाम विचारा. मंत्र्यांमध्ये दादा भुसेंकडे खातं आहे आणि राज्यमंत्री पंकज भोयर वर्ध्याचे, म्हणजे आपल्या शेजारचे. भोयरांकडे कुहीच्या बायांना घेऊन जा, नाल्याचा प्रश्न त्यांनीच विचारू द्या.

आणि भेटीला सकाळी लवकर जा बाप्पा, साडेनऊच्या आत. नंतर सगळे विधानभवनात जातात आणि रस्त्यावर मोर्चे लागतात. प्रत्येक उत्तरावर सही आणि तारीख मागा. सही दिली नाही तर "उत्तर दिलं नाही" असं त्याच्यासमोरच लिहा.

---

वाठोड्याची_आई

समजलं गुरुजी. कुहीच्या चौघी तयार आहेत, त्यांच्या येण्याजाण्याचं आमच्या बचत गटाने घेतलं आहे. भिवापूर, मौदा किंवा उमरेडकडचं कोणी हे वाचत असेल आणि तुमच्या गावच्या शाळेत एकच शिक्षक असेल, तर शाळेचं नाव इथे टाकू नका, मला व्यक्तिगत निरोप करा. यू-डायसवर पट तपासून आम्ही तो आकडा कागदात घेऊ.