तंजावरचा मुक्काम: खोली आधी बघा, पैसे मग द्या

दक्षिणवारी

तंजावरला जायचं ठरलं की आपल्याकडे पहिलं काम ॲपवर हॉटेल बुक करण्याचं. हजार-दीड हजाराच्या आतली खोली हवी असेल तर हे करू नये, असं माझं ठाम मत आहे. स्टेशनवर उतरावं, गांधीजी रोडने जुन्या बसस्टँडच्या दिशेने चालत सुटावं आणि दोन-तीन लॉज बघून मग खोली घ्यावी.

मुख्य कारण वेळेचं आहे. चेन्नई एग्मोरहून रात्री सुटणारी उळवन एक्स्प्रेस पहाटे तंजावरला पोचते. ॲपवरच्या बहुतेक हॉटेलांत खोली मिळते दुपारी बाराला. बृहदीश्वराचं देऊळ मात्र सकाळी सहाला उघडतं, साडेबाराच्या सुमारास बंद होतं आणि चारला परत उघडतं. प्राकारात अनवाणी फिरायचं असतं आणि उन्हाळ्यात दहा-साडेदहानंतर तिथल्या दगडी फरशीवर पाय ठरत नाही. १८०३ साली सरफोजीराजांनी कोरून घेतलेला भोसले वंशाचा मराठी शिलालेख नीट बघायचा तर भिंतीपाशी बराच वेळ उभं राहावं लागतं. म्हणजे सातच्या आत आंघोळ करून देवळात पोचायला हवं. लॉजच्या पाटीवर '२४ तास चेकआउट' लिहिलेलं असतं. पहाटे साडेपाचला शिरलात तर दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचपर्यंत खोली तुमची.

दुसरं कारण, खोलीचा वास फोटोत येत नाही. ॲपवर दिसतो तो नव्याने रंगवलेला एक मजला. मिळणारी खोली दुसऱ्याच मजल्यावर असू शकते. 'रूम पाक्कलामा?' एवढं तमिळ पुरतं. खोली बघायला कुणी नाही म्हणत नाही आणि म्हणालाच तर पुढच्या लॉजकडे वळावं.

आत गेल्यावर सरळ न्हाणीघरात जा. नळ आणि फ्लश दोन्ही एकदम चालवून पाण्याचा जोर बघा. मोरीतून घाण वास येत असेल तर लगेच खोली नाकारू नका. जाळीखालच्या वळणात पाणी साठून राहतं, तेच खालच्या गटाराचा वास अडवतं. खोली आठवडाभर बंद असली की ते पाणी आटतं आणि वास वर येतो. दोन मग पाणी ओता, दार उघडं ठेवून दहा मिनिटं थांबा. वास गेला तर खोली चांगली आहे. तरीही येत राहिला तर मोरीला ते वळणच नाही, किंवा ते फुटलेलं आहे. अशी खोली घेऊ नका.

मग गादी. चादर काढून गादीचे चारही कोपरे आणि शिवण मोबाइलच्या उजेडात बघा. शाईचे थेंब सुकल्यासारखे बारीक काळे ठिपके दिसले तर ती ढेकणांची घाण. डोक्याकडच्या लाकडी फळीच्या फटीही बघा. हे सगळं होईपर्यंत बॅग फरशीवर ठेवा, पलंगावर नको.

मुक्काम_पोस्ट

असहमत. हा सल्ला पाठीवर एकच सॅक असलेल्या तिशीच्या माणसाचा आहे. सोबत सासू-सासरे, दोन मोठ्या बॅगा आणि गुडघेदुखी असेल तर पहाटे साडेपाचला गांधीजी रोडवर लॉज शोधत फिरवणार का त्यांना? त्या वेळी काउंटरवरचा माणूस अर्धवट झोपेत असतो आणि जी खोली स्वच्छ झालेली आहे तीच दाखवतो. बाकीच्या खोल्यांत माणसं झोपलेली असतात. म्हणजे 'बघून निवडा' म्हणताना निवड उरते एक-दोन खोल्यांची. जुन्या लॉजना लिफ्ट नसते, न्हाणीघराला सहा इंचांचा उंबरठा असतो, आणि कमोड आहे की भारतीय बैठक, हे पाटीवर लिहिलेलं नसतं. ॲपवर निदान ते विचारता येतं, आणि सोय नसेल तर बुकिंग रद्द करता येतं.

आता २४ तासांचा हिशेब करा. पहाटे साडेपाचला शिरलात आणि परतीची गाडी दुसऱ्या रात्रीची आहे. साडेपाचला एक दिवस संपला. कुणी तासाभराची सूट देतं, पण पुढे अर्ध्या किंवा पूर्ण दिवसाचं भाडं लागतं. याउलट बाराच्या हिशेबाच्या हॉटेलात पहाटे शिरायला जास्तीत जास्त अर्धा दिवस ज्यादा पडतो आणि दुसऱ्या दिवशी बारापर्यंत खोली राहते. दर सारखा धरला तर दीड दिवसाच्या पैशांत साडेतीस तास मिळतात. तुमच्या लॉजवर तेवढ्याच वेळाला सूट धरून किमान दीड आणि अनेकदा दोन दिवस मोजावे लागतील. पहाटे येणाऱ्याला २४ तासांची पाटी स्वस्त दिसते एवढंच. तिचा खरा फायदा संध्याकाळी सहा-सातला येऊन दुसऱ्या संध्याकाळी निघणाऱ्याला.

करांचा घोळही आता राहिलेला नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीला १२ ऐवजी ५ टक्के जीएसटी आहे. १,२०० च्या खोलीवर ६० रुपये. ॲपवर तो मिळवून शेवटचा आकडा दिसतो. काउंटरवर मात्र आधी १,२०० सांगतात आणि निघताना कराची ओळ येते, म्हणून 'टॅक्ससकट किती?' हे आधीच विचारावं लागतं.

रात्रपाळी

दोघांनीही आवाजाचा विषय घेतलेला नाही. स्वस्त खोलीत झोप मोडते ती बहुधा आवाजाने.

जुन्या बसस्टँडकडे तोंड असलेली खोली घेऊ नका, भाडं शंभर रुपये कमी असलं तरी. तिथे पहाटे चारपासून हॉर्न सुरू होतात. मागच्या बाजूची खोली मागा, पण ती खालच्या खानावळीच्या मुदपाकखान्यावर नाही ना, हे खिडकीतून वाकून बघा. धुराडं खिडकीशी असेल तर सकाळी साडेपाचला फोडणीचा ठसका खोलीत येतो.

दुसरी गोष्ट मंगल कार्यालयाची. तमिळनाडूत बऱ्याच लॉजना खालच्या मजल्यावर किंवा शेजारी कल्याण मंडपम असतं. मुहूर्त बहुतेक सकाळचे, त्यामुळे नादस्वरम (सनईसारखं वाद्य) आणि तविल (ढोल) पहाटेच सुरू होतात. तविल काँक्रीटच्या भिंतीतून आरपार जातो, कानात कापूस घालून भागत नाही. काउंटरवर सरळ विचारा, 'उद्या कल्याणम (लग्न) आहे का?' दारात केळीचे खांब बांधलेले दिसले तर विचारायचीही गरज नाही. मार्गळी महिन्यात, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत, तिकडे लग्नं होत नाहीत. पण त्या दिवसांत पहाटे देवळांच्या भोंग्यांवर तिरुप्पावै (संत आंडाळची स्तोत्रं) लागते. ते ऐकायला गोड आहे. ज्याला सातपर्यंत झोपायचंच आहे त्याने देवळालगतची खोली टाळावी.

डिग्री_कॉफी

मुळात तंजावरलाच का राहायचं? कुंभकोणमला राहा. अंतर ४० किलोमीटर, दोन्ही गावांमध्ये बस सतत धावतात. दारासुरमचं ऐरावतेश्वर तिथून चार किलोमीटर, गंगैकोंडचोळपुरम पस्तीसेक. तंजावरहून ते सत्तरच्या आसपास पडतं. तीन मोठी चोळ देवळं बघायची तर मध्यावर राहणं शहाणपणाचं. यात्रेचं गाव असल्याने लॉज भरपूर आहेत आणि दोन माणसांच्या खोलीत चौघांनी राहायचं तर जादा गाद्या सहज टाकून देतात. फक्त २०२८ सालच्या महामहमच्या दिवसांत तिथे जाऊ नका. बारा वर्षांनी येणारा तो सोहळा आहे आणि त्या दिवसांत खोली मिळणं अवघड.

दक्षिणवारी

@डिग्री_कॉफी, तीन देवळांसाठी तुमचं बरोबर. पण राजवाडा, कांस्यमूर्तींचं दालन आणि सरस्वती महाल ग्रंथालय ज्याला निवांत बघायचे आहेत त्याला ४० किलोमीटरची ये-जा परवडत नाही. तंजावरात दुपारी साडेबारा ते चार खोलीवर परत येता आलं पाहिजे, ही माझी मुख्य अट आहे. जुन्या बसस्टँडपासून देऊळ किलोमीटरभर, स्टेशनपासून दीड-दोन. नव्या बसस्टँडजवळची हॉटेलं दिसायला नवी आणि स्वस्त असतात, पण ती पाच-सहा किलोमीटर लांब आहेत. रिक्षा मीटरने येत नाही. दिवसातून चार फेऱ्या केल्या तर खोलीत वाचवलेले पैसे रिक्षात जातात. टाउन बसने जायचं तर दोन्ही स्टँडांमध्ये बस सारख्या असतात, आणि साध्या भाड्याच्या बसमध्ये महिलांना २०२१ पासून तिकीट नाही.

@मुक्काम_पोस्ट, वयस्कर माणसं सोबत असतील तर बुकिंग करा, हे मान्य. मात्र तुमच्या हिशेबात 'पहाटे शिरायला अर्धा दिवस ज्यादा' हे गृहीत आहे. आदल्या रात्री हॉटेल भरलेलं असेल तर अर्धा दिवस देऊनही खोली मिळत नाही, लॉबीतल्या सोफ्यावर बसवतात. ॲपवर ती विनंती नुसती टाइप करून काही होत नाही.

मुक्काम_पोस्ट

टाइप करून होत नाही, म्हणूनच फोन करायचा. बुकिंग झालं की आदल्या दिवशी दुपारी हॉटेलला थेट फोन करा आणि तीन गोष्टी विचारा: पहाटे साडेपाचला खोली मिळेल का, त्याचे किती, आणि पैसे हॉटेलवर द्यायचे असतील तर बुकिंग तुमच्या वहीत उतरलंय का. तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. पैसे न भरलेलं बुकिंग गर्दीच्या दिवशी काउंटरवर पाळलं जाईलच असं नाही.

आणि गर्दीचे दिवस तिथे कमी नाहीत. पोंगल, बहुधा जानेवारीत तेरा किलोमीटरवरच्या तिरुवैयारूला होणारा त्यागराज आराधना संगीतोत्सव, ऐप्पसी महिन्यात (ऑक्टोबर-नोव्हेंबर) बृहदीश्वर बांधणाऱ्या राजराजा चोळाच्या जन्मनक्षत्राचा उत्सव, शिवाय जोडून आलेल्या सुट्ट्या. या दिवसांत 'चालत जाऊन बघू' म्हणणारा माणूस सकाळी नऊपर्यंत रस्त्यावरच राहील.

बादली_आणि_मग

पाण्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण 'गरम पाणी २४ तास' हे पाटीवरचं वाक्य तपासल्याशिवाय खरं मानू नये.

तीन प्रकार असतात. एक, गच्चीवरचा सौर बंब. पाणी बहुधा सकाळी सहा ते नऊ एवढंच येतं. खालच्या मजल्यावर नळातून आधी पाइपमधलं गार पाणी निघतं, दोन-तीन बादल्या जाऊ द्याव्या लागतात. ऑक्टोबर ते डिसेंबर तिकडचा पावसाळा, ढग असले की पाणी कोमटच. दोन, भिंतीवरचा १५ लिटरचा गीझर. दोन किलोवॅटचा असेल तर तापायला वीसेक मिनिटं लागतात आणि गार पाणी मिसळून अडीच बादल्या होतात. म्हणजे दोन माणसांची आंघोळ, तिसऱ्याने पुन्हा वीस मिनिटं थांबायचं. तीन, तीन लिटरचा छोटा गीझर. यात नळ पूर्ण सोडला की पाणी गार येतं. धार करंगळीएवढी ठेवली तरच तापतं, बादली भरायला वेळ जातो पण पाणी संपत नाही. खोली बघतानाच गीझरचं बटण दाबून लाल दिवा लागतो का ते बघा. कित्येकदा बटण असतं, पण वीज खालून ठरावीक वेळेतच सोडतात.

बोअरचं पाणी खारं असेल तर साबणाला फेस येत नाही आणि केस राठ होतात. प्यायला मात्र व्हरांड्यात २० लिटरचा कॅन असतो. बाटली त्यातून भरा, न्हाणीघराच्या नळातून नको.

एसीचंही जोडूनच सांगतो. बिनएसीची म्हणून दिलेल्या खोलीत एसी भिंतीवर असतो, पण रिमोट काउंटरवर ठेवलेला असतो. एप्रिल-मेमध्ये वरच्या मजल्याची बिनएसी खोली कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. स्लॅब दिवसभर तापतो आणि मध्यरात्रीपर्यंत ती उष्णता पंखा खाली ढकलत राहतो. वीज गेल्यावर जनरेटरवर दिवे आणि पंखे चालतात, एसी बहुतेक चालत नाही.

नंदादीप

मच्छरांचं कुणीच लिहिलं नाही. कावेरीचं खोरं आहे, कालवे आणि भातखाचरं जवळ आहेत. न्हाणीघराच्या काचेच्या पट्ट्यांच्या खिडकीला जाळी नसते, डास तिथूनच येतात. साडेपाचला संध्याकाळच्या दर्शनाला निघतानाच ती खिडकी आणि न्हाणीघराचं दार लावा, मच्छरांचं यंत्र सुरू करून जा. परत आल्यावर लावलेलं यंत्र तासभर काही कामाचं नाही.

ओळखपत्र प्रत्येक माणसाचं मागतात, नवरा-बायकोचंही वेगवेगळं. आधारचे शेवटचे चारच आकडे दिसणारी प्रत आधीच छापून न्या आणि तिच्यावर तारीख व 'फक्त मुक्कामासाठी' असं लिहा.

दक्षिणवारी

@नंदादीप, चांगली भर. त्याला जोडून एक: पैसे दिल्यावर पावतीवर आणि रजिस्टरमध्ये शिरण्याची वेळ कोणती लिहिली आहे ते तिथेच वाचा. पाच चाळीसला आलेल्याचे सरसकट पाच लिहिले तर दुसऱ्या दिवशी तेवढीच चाळीस मिनिटं वादात निघतात. वेळ खोडून नीट लिहून घ्या, आणि जादा तासाचा दर किती तेही पावतीच्या मागे त्यांच्याच हाताने लिहून घ्या.

मुक्काम_पोस्ट

@दक्षिणवारी, या पावतीच्या बाबतीत मात्र आपलं एकमत आहे. पहाटे खोली सोडायची वेळ आली तर मुदत वाढवून न घेता बॅगा काउंटरमागे ठेवायला सांगा. कुलूप लावलेल्या बॅगा संध्याकाळपर्यंत बहुतेक जण ठेवून घेतात. औषधं, चष्मा आणि चार्जर तेवढा बाहेर काढा.