मावळ्याच्या मापाचा दरवाजा: दिवाळीच्या किल्ल्यात खऱ्या गडाचं बांधकाम कसं आणावं?

रानजाई:
सोसायटीच्या मागे किल्ल्यासाठी ६ बाय ४ फूट जागा आहे. मुलं १० आणि ७ वर्षांची. दरवर्षीचा किल्ला म्हणजे विटांचा ढीग, वर चिखलात बुडवलेलं पोतं, अळीव, मावळे आणि टोकावर महाराज. यंदा 'राजगडच' असा हट्ट आहे. गडाचं बांधकाम त्यांना हाताने कळावं असं वाटतं. तीन गोष्टी अडतात. गडाचा आकार मापात कसा उतरवायचा? मातीचा तट सरळ उभा केला की दुसऱ्या दिवशी चिरतो आणि बाहेर कलंडतो, ते का? आणि पुठ्ठ्याची कमान न चिकटवता मातीची खरी कमान या वयात जमेल का?

ओळंबा:
आधी मापाचं बघू, कारण बाकी सगळं त्यावर ठरतं. बाजारातला मावळा साधारण ६ सेंमी असतो. तो १८० सेंमीचा माणूस धरला तर प्रमाण झालं १:३०. या प्रमाणात राजगडाची एकटी संजीवनी माची (डोंगराची तटबंदी केलेली सोंड), जी जवळपास अडीच किलोमीटर आहे, ८० मीटरच्या पुढे जाईल. उलट ती माची एका मीटरमध्ये बसवायची तर प्रमाण १:२५०० येतं आणि तुमचा मावळा दीडशे मीटर उंच होतो!

म्हणून एकच किल्ला करू नका, दोन करा. मागे १:२५०० चा नुसता डोंगर: मधे बालेकिल्ला, उत्तरेला पद्मावती, पूर्वेला सुवेळा, नैर्ऋत्येकडे लांबत गेलेली संजीवनी. त्यावर एकही मावळा ठेवायचा नाही. पुढे १:३० चा फक्त एक दरवाजा आणि त्याचे दोन बुरूज, मावळे तिथे.

डोंगरासाठी समोच्च रेषांचा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा) नकाशा मोठा छापा आणि दर २० मीटरची रेषा जाड पुठ्ठ्यावर कापून थर रचा. खऱ्या प्रमाणात २० मीटर म्हणजे फक्त ८ मिमी, त्यामुळे डोंगर चपटा दिसतो आणि मुलं हिरमुसतात. उंची दुप्पट करा, थर १६ मिमीचा. पण दुप्पट केलीय हे मुलांना सांगून करा. रेषा जिथे चिकटून येतात तिथे कडा, हे थर कापतानाच समजतं, आणि त्या बाजूला तट का कमी लागतो तेही.

चुनखडी:
तट पडतो त्याची कारणं तीन, बहुतेक तिन्ही एकदम असतात. एक, काळी माती. ती ओली असताना फुगते, वाळताना आकसते, भेगा पडणारच. नर्सरीतली लाल माती घ्या: ४ घमेली माती, २ घमेली वाळू, १ घमेलं भाताचं तूस. तूस नसेल तर बारीक चिरलेलं वाळकं गवत. दोन, एका दमात पूर्ण उंची. खालचा थर ओला असताना वर वजन आलं की तो पोट काढतो. दिवसाला ८ ते १० सेंमीच चढवा. बोट दाबून रुतेनासं झालं की त्या थराला ओरखडे काढा, पाणी शिंपडा आणि मगच पुढचा थर. ओरखडे विसरलात तर दोन थर वेगळे होतात आणि चीर आडवी जाते. तीन, उभी बाहेरची बाजू. दर ६ सेंमी उंचीला १ सेंमी आत घ्या. दोऱ्याला नट बांधून मुलांना ओळंबा करून द्या. नट पायाच्या बाहेरच्या कडेवर येईल असा दोरा वरून धरायचा आणि तटाची वरची कड दोऱ्यापासून किती आत आहे ते मोजायचं.

बुरजाचा व्यास ३० सेंमी, उंची २४. आत विटा, बाहेर दोन सेंमी गिलावा. सगळ्याला मिळून वीसेक विटा पुरतात.

आता कमान. दहा वर्षांच्या मुलाला नक्की जमते. साचा म्हणून चार इंची पीव्हीसी पाईपचा १५ सेंमी तुकडा, बाहेरचा व्यास ११० मिमी. पुठ्ठ्यावर कंपासने ५.५ आणि ८.५ सेंमी त्रिज्येची दोन अर्धवर्तुळं काढा आणि कोनमापकाने २०-२० अंशांचे नऊ भाग करा. एक भाग कापला की दगडाचा साचा तयार: आतून १.९ सेंमी, बाहेरून ३, उंची ३. शाडूची ५ सेंमी जाड वडी थापून दोऱ्याने असे बारा दगड कापा, दोन-तीन मोडतात. सावलीत वाळवा. उन्हात एकच बाजू आधी आकसते आणि दगड वाकडा होतो.

वाळून दगड लहान होतील, पण सारखे आकसले तर कोन २० अंशांचाच राहतो. पाईपवर रचले की जी थोडी जागा उरते ती सांध्यांत पातळ चिखल भरून वाटून टाका.

दोन बाजूंच्या भिंती ८ सेंमी उंच, मधलं अंतर ११ सेंमीला एखादा मिमी जास्त. पाईपला वर्तमानपत्राचे दोन वेढे द्या आणि खाली अडीच सेंमीच्या लाकडी पट्ट्या ठेवा, म्हणजे पाईपचा मध्य भिंतीच्या माथ्याशी येतो. दगड दोन्हीकडून एकेक चढवत न्या, नववा मधला शेवटी. एकाच बाजूने चढवलेत तर पाईप सरकतो. दुसऱ्या दिवशी आधी पट्ट्या काढायच्या. पाईप खाली बसतो, मग ओढून घ्या. थेट ओढलात तर दगड बरोबर येतात. खऱ्या कमानीचा साचाही असाच आधी जरा खाली उतरवून मग काढतात.

कमान पडलीच तर बहुधा मधला दगड निसटून नाही, पाय फाकून पडते. कमान दोन्ही बाजूंना ढकलते. म्हणून बुरूज आधी, कमान नंतर.

खडीसाखर:
सगळं मान्य, पण किल्ला परीक्षेचा प्रकल्प करू नका. धाकट्याला डोंगरावर वाघ ठेवायचा असेल तर ठेवू द्या. १:२५०० ला तो कितीचा होईल हे त्याला विचारायची काही गरज नाही.

माचीवरून:
वाघ राहू दे! दरवाजा करताय तर गोमुख करा, म्हणजे बुरुजांच्या आड लपलेला, वळणाच्या वाटेचा दरवाजा, नाहीतर ती नुसती वेस होते. रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या आड आहे, जवळ जाईपर्यंत दिसत नाही. लोहगडावर गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे वळणावळणाने लागतात. वळणाचं कारण साधं आहे: हत्तीला धाव घ्यायला सरळ वाट मिळू नये, बाहेरून तोफ थेट लागू नये, आणि वळणाऱ्या माणसाची बाजू तटावरच्यांना उघडी पडावी.

तपासणी मुलांकडून करून घ्या. दाराच्या फळीला दोरा अडकवायचा आणि बाहेरून ताणायचा. दोरा बुरजाला न टेकता सरळ आला तर गोमुख चुकलं. दोन बुरुजांपैकी एक १० ते १२ सेंमी पुढे सरकवा, मधली वाट ९ सेंमीची ठेवा, पुन्हा ताणा.

जंग्या (शत्रूवर मारा करायची तटातली भोकं) ओल्या गिलाव्यातच रिकाम्या रिफिलने पाडा, आतून बाहेर खाली उतरत्या. आडव्या पाडल्या तर तटाच्या पायथ्याशी आलेला शत्रू दिसतच नाही. आतून डोळा लावून बघू द्या. वर चर्या (तटाच्या माथ्यावरचे कंगोरे), त्यामागे ४ सेंमी रुंद फांजी (तटावरून चालायची वाट), नाहीतर मावळा उभा राहणार कुठे? दरवाजाच्या आत एका बाजूला देवडी (पहारेकऱ्यांची खोली), मोठ्या दारात दिंडी, म्हणजे छोटं दार.

आणि टाकं खोदाच. गडावर खोदलेल्या टाक्यांचा दगड बांधकामाला वापरत, म्हणजे पाण्याची सोय आणि दगडाची खाण एकाच जागी. मुलांनीही खड्ड्यातली माती तटाला वापरावी.

तिसरामजला:
ज्यांना अंगणच नाही त्यांच्यासाठी: लाकडी ठोकळ्यांनी कमानीऐवजी हेमाडपंती छत करा. अंबरनाथच्या शिवमंदिरात (शिलालेख शके ९८२, म्हणजे १०६०) किंवा सिन्नरच्या गोंदेश्वरात दगडाचा प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा पुढे काढत छत मिटवलंय. १२ सेंमीच्या पाच सारख्या पट्ट्या एकावर एक ठेवा. सगळ्यात वरची तिच्या खालचीपेक्षा ६ सेंमी पुढे, मग ३, मग २, मग दीड. बेरीज साडेबारा, म्हणजे वरची पट्टी पायाच्या पट्टीच्या पूर्ण बाहेर. हा अगदी काठावरचा हिशेब आहे, प्रत्येक ठिकाणी १ मिमी कमीच घ्या. रचताना सरकवणं वरून सुरू करायचं. मुलं खालून सुरू करतात आणि तिसऱ्याला पडतं. देवळात मागच्या टोकावर भिंतीचं वजन असतं म्हणून दगड याहून बिनधास्त पुढे काढता येतो. मागे एक जड ठोकळा ठेवून हाही फरक दाखवा.

रानजाई:
दोन किल्ल्यांची कल्पना पटली. परतीचा पाऊस आला तर?

चुनखडी:
वरून प्लास्टिक घालाच, पण तळाचं पाणी जास्त घातक. पहिला थर मातीचा नको, विटांचा घ्या आणि जागेला मागून पुढे दोन बोटं उतार ठेवा. तटाच्या तळाशी दर २० सेंमीवर स्ट्रॉ घाला, आतलं पाणी बाहेर पडेल. अळीव तटावर पेरू नका. त्यासाठी रोज पाणी मारावं लागतं आणि मुळं गिलावा फोडतात. ते मागच्या डोंगरावर, वसुबारसेच्या चार-पाच दिवस आधी.