चवली म्हणजे चार आणे नव्हेत

परवा घरी एक जुनी कथा मोठ्याने वाचणं चाललं होतं. 'तिने कनवटीची चवली काढून त्याच्या हातावर ठेवली' असं वाक्य आलं आणि वाचणाऱ्या भाचीने लगेच अर्थ सांगितला, 'चवली म्हणजे चार आणे.' समोर बसलेल्या तिघांनी मानाही डोलावल्या. हा घोटाळा इतक्यांदा कानावर आलाय की आता नीट लिहूनच टाकतो.

मराठीत चवली म्हणजे दोन आणे. चार आणे म्हणजे पावली आणि आठ आणे म्हणजे अधेली. 'चव' ऐकलं की आपला कान चाराकडे धावतो, त्यात हिंदी सिनेमातली 'चवन्नी' डोक्यात पक्की बसलेली. ती चवन्नी खरोखरच चार आण्यांची. हिंदीत दोन आण्यांना दुअन्नी म्हणतात. म्हणजे चवली आणि चवन्नी दिसायला सख्ख्या बहिणी, पण एकीची किंमत दुसरीच्या निम्मी. त्या कथेतल्या बाईने किती दिलं, हे या एका शब्दावर ठरतं. तिच्याजवळ तेवढंच असेल तर दोन आणे आणि चार आणे यांत फार अंतर आहे.

जुना हिशेब ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: रुपयाचे 16 आणे, आण्याचे 4 पैसे, पैशाच्या 3 पै. म्हणजे रुपयाचे 64 पैसे किंवा 192 पै. आज हे किचकट वाटतं, पण पावकी, निमकी, दिडकी (पाव, अर्धा, दीड यांचे पाढे) तोंडपाठ असलेल्या माणसाला ते सोयीचं होतं. रुपया निम्मा करत गेलं की अधेली, पावली, चवली, आणा असं दर पायरीला हाती एक नाणं येतं. कुठे अपूर्णांक उरत नाही.

माझ्याकडे दोन चवल्या आहेत. एक चांदीची. हाताच्या करंगळीच्या नखापेक्षा जरा मोठी, वजन दीड ग्रॅमही भरत नाही. मुठीत धरली तर आहे की नाही हे चाचपून बघावं लागतं. कनवटीला गाठ मारून का ठेवत असतील, ते ती हातात घेतल्यावर कळतं. दुसरी चौकोनी, कोपरे गोलावलेले, तांबं आणि निकेल यांच्या मिश्रधातूची. पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली, तेव्हा 1918 पासून ही चौकोनी चवली पाडू लागले. अंधारातही बोटांना कळावी अशी. तेव्हा कथेचा काळ बघा. 1918 च्या आधीची असेल तर चवली चांदीचीच समजायची.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. पावली आणि अधेली हे शब्द रुपयाचे भाग दाखवतात असं आपण धरून चालतो. पण अकबराच्या कारभाराची माहिती देणाऱ्या 'ऐन-ए-अकबरी' या ग्रंथात हीच नावं दाम या तांब्याच्या नाण्याच्या तुकड्यांना आहेत: अधेला म्हणजे अर्धा दाम, पाउला म्हणजे पाव दाम आणि दमडी म्हणजे दामाचा आठवा हिस्सा. त्या वेळी रुपयाला 40 दाम मिळत. म्हणजे 'चमडी जाईल पण दमडी जाणार नाही' म्हणताना आपण रुपयाच्या 320 व्या भागाबद्दल बोलत असतो! पुढे हिंदीत अधेला राहिला तो अर्ध्या पैशाला आणि अधेली झाली अर्ध्या रुपयाला. एरवी पळा मोठा आणि पळी लहान, गाडा मोठा आणि गाडी लहान. इथे मात्र ईकारान्त अधेली कितीतरी पटींनी मोठी. तांब्याचा तो अधेला, चांदीची ती अधेली, असं काहीसं मनात असावं असा माझा कयास.

मग चवलीच का विसरली गेली? चार आणे, आठ आणे तर परवापरवापर्यंत बाजारात होते. कारण साध्या गणितात आहे. 1 एप्रिल 1957 ला दशमान पद्धत आली आणि रुपयाचे 100 नवे पैसे झाले. आठ आणे बरोबर 50, चार आणे बरोबर 25. दोन्हींना नवी नाणी मिळाली आणि बोलण्यातले 'आठाणे', 'चाराणे' त्या नाण्यांवर जाऊन बसले. दोन आणे मात्र साडेबारा पैसे. साडेबारा पैशांचं नाणं कोण काढणार? एक आणाही असाच सव्वासहावर अडला. ज्या शब्दाला नवं नाणं मिळालं नाही तो बोलण्यातून गेला. 25 पैसे 30 जून 2011 नंतर चलनातून बाद झाले, तरी 'चाराण्याची अक्कल नाही' हे अजून ऐकू येतं. चवलीची अक्कल कुणी काढत नाही.

ढब्बू पैसा मात्र वेगळ्याच वाटेने टिकला. तो दोन पैशांचा, म्हणजे अर्ध्या आण्याचा, जाडजूड तांब्याचा. तेलुगूत आजही पैशाला डब्बू म्हणतात. आपल्याकडे नाणं गेलं, पण जाडेपणा मागे उरला आणि ढब्बू मिरचीत रोज भेटतो. भोकाचा पैसा त्याच्या अगदी उलट, अंगाने हलका. दुसऱ्या महायुद्धात तांबं वाचवायला 1943 पासून मधोमध मोठं भोक पाडून काढलेला. आमच्या आजीकडे सुतळीत ओवलेली त्याची माळ होती.

गोव्यातल्या जुन्या कागदांत आणखी एक शब्द भेटेल: टांगा. हा घोड्याचा नव्हे. पोर्तुगीज अमलात रुपयाचे 16 टांगे आणि टांग्याचे 60 रेइश असा हिशेब होता. म्हणजे टांगा आपल्या आण्याच्या जागी.

वापराबद्दल एवढंच सांगतो. हिंदीतून मराठीत अनुवाद करताना 'चवन्नी' आली तर 'पावली' लिहावं आणि 'दुअन्नी' आली तर 'चवली'. 'चवली-पावली' असा जोडशब्द आला तर तिथे नेमकी किंमत शोधू नये, तो फुटकळ रकमेसाठी वापरतात. आणि जुन्या मजकुरात नुसती 'चवली' दिसली, तर कंसात 'दोन आणे' लिहून द्या. माझ्या भाचीने आता पुस्तकात त्या ओळीशेजारी पेन्सिलीने तसं लिहिलं आहे.