वर्षभर वारसा फेऱ्या (हेरिटेज वॉक) बंद ठेवून मंडळाचं दप्तर, म्हणजे जुन्या वह्या-कागद, वाचवावं का?

फणसवाडीकर
मुंबईतल्या छोट्या इतिहास मंडळांचे बहुतेक रविवार वारसा फेऱ्यांतच जातात. माणशी ३०० रुपये आणि २० जण धरले तर जमा ६,०००. त्यासाठी पुढे बोलणारा एक, शेवटी चालणारा एक, नोंदणीला एक, शिवाय आधी मार्ग पायी बघून यायचा तो वेगळाच. तेवढ्या तासांत हीच तीन माणसं सभांच्या इतिवृत्ताची एक अख्खी वही स्कॅन करतील. फेरी पुढच्या वर्षीही निघेल, पण कसर लागलेली वही तोवर थांबणार नाही. फेऱ्या वर्षभर बंद ठेवा आणि ‘वही दत्तक’ योजनेतून पैसा उभा करा. एका देणगीदाराने एका वहीच्या दुरुस्तीचा खर्च उचलायचा.

बाणगंगा
सपशेल असहमत. वही दत्तक घेणारा माणूस मिळणार कुठे? सेंट थॉमस कॅथीड्रलसमोर उभं राहून सांगा: हे चर्च १७१८ साली उघडलं, चर्चगेट हे नाव याच्यामुळे पडलं, मुंबईचे जुने मैलाचे दगड इथूनच मोजलेले आहेत आणि कोटाचा ‘चर्च गेट’ दरवाजा आजच्या फ्लोरा फाउंटनच्या जागी होता. रोज चर्चगेटला उतरणारा माणूस तिथे थबकतो. योजनेचा कागद त्याच्या हातात द्यायची वेळ तीच. बहुतेक मंडळं तो फेरी संपताना वाटतात, तेव्हा सगळ्यांचं लक्ष लोकलकडे असतं. चहाला थांबाल तेव्हा वाटा, आणि सोबत एक वही दाखवा. खरी नको, तिच्या कुरतडलेल्या पानाचा मोठा छापील फोटो पुरे.

खजिनदार
दोघांनीही हिशेबाची बाजू सोडली आहे. फेरीचं शुल्क म्हणजे देणगी नव्हे, त्यावर आयकर सवलतीची पावती देता येत नाही. पावती पुस्तकं दोन ठेवा, खतावणीत खातीही दोन. रोख देणगी २,००० रुपयांच्या वर गेली तर देणाऱ्याला करसवलत मिळत नाही, म्हणून चेक किंवा यूपीआयच घ्या. पॅन आणि पूर्ण पत्ता तिथल्या तिथे लिहून घ्या, मार्चअखेर फोन करत बसलं की निम्मे हाती लागत नाहीत.

दत्तक योजनेत आणखी एक खाचखळगा आहे. रंगीत नकाशाला तीन देणगीदार येतात, वर्गणीच्या वहीला एकही नाही. म्हणून अर्जावर आधीच छापा: ‘शिल्लक रक्कम मंडळाच्या संवर्धन निधीत जमा होईल.’ हे वाक्य नसेल तर जास्तीचे पैसे दुसऱ्या वहीकडे वळवताना देणगीदाराला पुन्हा विचारावं लागतं.

फणसवाडीकर
हे मान्य. मग एकेक वही नको, पाच वह्यांचा एक गठ्ठा दत्तक द्या.

जीर्णपत्र
स्कॅनिंग कुणीही करेल, हे गृहीतच चुकीचं आहे. नव्या स्वयंसेवकाला पहिला रविवार कोरी आणि रद्दीतली पानं उलटायला द्या. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे हवेत. हातमोजे नकोत, त्यांत बोटांना कड जाणवत नाही आणि ठिसूळ पान तुटतं. टेबलावर पेन नको, पेन्सिलच. फाटलेल्या पानाला सेलोटेप तर कधीच लावू नये: काही वर्षांनी टेप सुटते, चिकटा मात्र पिवळा होऊन कागदात मुरतो. लॅमिनेशनही नकोच.

जोडीने काम करा, एकाने पान उलटायचं आणि दुसऱ्याने स्कॅन करायचं. सुरुवातीलाच पानं मोजून आकडा लिहा, शेवटी तो फायलींच्या संख्येशी ताडा. ‘कोरी’ म्हणून वगळलेल्या पाठपानांवरच पुष्कळदा पेन्सिलीत हिशेब असतात. प्रत्येक फायलीच्या नावात दाखल क्रमांक (दप्तरात त्या वहीला दिलेला नंबर) आणि पान क्रमांक हवा. ते नसलं की शेकडो चित्रं हाती येतात आणि कुठलं पान कुठल्या वहीचं ते कळत नाही.

बाणगंगा
हे सगळं पावसाळ्यात करा ना. जून ते सप्टेंबर फेऱ्या तशाही फारशा नसतात.

जीर्णपत्र
नेमकं तेव्हाच नको. दमट हवेत कागद ओल धरतो, पानं एकमेकांना चिकटतात, बुरशी एका वहीतून दुसरीत जाते. पावसाळ्यात दप्तर बंद ठेवा आणि स्कॅनवरून मोडी वाचन व सूची करा. स्कॅनिंग नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

फणसवाडीकर
म्हणजे फेऱ्यांचा हंगाम तोच आणि कागदांचाही तोच. त्या चार महिन्यांत महिन्याला एकच फेरी, बाकीचे रविवार दप्तराला.

बाणगंगा
दोन फेऱ्या. एकीवर देणगीदार जमणार नाहीत.